होडी मिळाली, पण पेट्रोल कोण घालणार?

सरकारी योजनेतली होडी समुद्रात बुडत नाही. ती किनाऱ्यावर, कोरड्या वाळूत बुडते. आधी इंजिन दुरुस्तीला जातं आणि परत येत नाही. मग जाळी फाटतात, ती कुणी विणत नाही. मग होडी कुणाला तरी 'चालवायला' दिली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती ज्याच्या नावावर आहे तोच तिच्यावर खलाशी म्हणून रोजाने जातो. कागदावर तो मालक, दर्यावर मजूर. आणि मग कचेरीत, नाक्यावर, आपल्याच शिकलेल्या मंडळींच्या चहाच्या टपरीवर एक वाक्य ऐकू येतं: "या लोकांना फुकटचं पचत नाही."

मित्रांनो, या वाक्याला आपण आजवर संतापाने उत्तर दिलं. संताप योग्यच आहे. पण हे वाक्य हिशेबाचं सोंग घेऊन येतं, म्हणून त्याला हिशेबानेच गाडलं पाहिजे. बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. त्यांच्या अनुयायांच्या घरात धंद्याची वही किती ठिकाणी आहे?

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 साली आली. तिच्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना 60 टक्के अनुदान आहे. लहान होडी आणि जाळी या बाबीचा प्रकल्प खर्च 5 लाख धरलेला. म्हणजे आपल्या माणसाला 3 लाख सरकारचे, 2 लाख स्वतःचे. ऐकायला छान. मात्र ही बाब 'पारंपरिक मच्छीमारां'साठी, तीही जुन्या होडीच्या बदल्यात नवी, अशी लिहिलेली आहे. पारंपरिक! परंपरेने कुणाला कुठला धंदा करू दिला आणि कुणाला गावाबाहेर बसवलं, हे आपल्याला शिकवायची गरज नाही. ज्या परंपरेने बौद्धवाडीतल्या माणसाला बंदरावर फक्त ओझी वाहायला उभं केलं, तीच परंपरा आज अर्जातली पात्रता होऊन बसते. यात कोळी बांधवांचा दोष नाही, त्यांची लहान होडी याच हिशेबात बुडते आहे, ते पुढे येईलच. दोष त्या रकान्याचा आहे.

समजा तो अडथळा पार झाला. होडी आली. नारळ फुटला, हार घातला, साहेबांचा आणि कार्यकर्त्याचा फोटो निघाला. त्या फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळची पेट्रोलची टाकी. अनुदान होडीला आहे. होडी चालवण्याला नाही.

वही उघडू. खालचे दर मी हिशेबापुरते धरलेले आहेत. आपापल्या बंदरातले घालून पुन्हा मांडा, आकडा बदलेल, पण गणित तेच राहील. होडी फायबरची, मागे लावायचं 9.9 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. असं इंजिन पूर्ण जोरात चाललं तर तासाला चार लिटरच्या आसपास पितं. जाऊन-येऊन दोन तास इंजिन चाललं तर 8 लिटर. लिटरला 105 धरले तर 840 रुपये. टू-स्ट्रोकचं ऑइल, बर्फ, चहा-पाव मिळून आणखी 210. म्हणजे फेरीला 1,050 रुपये. होडीवाल्याला विचारलं, "खर्च किती येतो?" तर तो हाच आकडा सांगतो. हजार-अकराशे. खोटं बोलत नाही तो. खिशातून रोज जातं तेवढंच त्याला दिसतं.

न दिसणारा खर्च वर्षाचा मांडू. आधी फेऱ्या किती होतात ते बघा. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद. उरले 304. ऑगस्टात बंदी उठली तरी दर्या शांत झालेला नसतो. वादळाचा बावटा, जोराचा वारा, भांगाचे दिवस जेव्हा पाणी चालत नाही आणि जाळ्यात काही येत नाही, इंजिन बंद पडलेले दिवस, घरातलं आजारपण, मयत, लग्न. लहान होडीला वर्षात 150 फेऱ्या मिळाल्या तर बऱ्या. तर 150 धरू.

जाळी: गिलनेटची नायलॉनची जाळी खडकाला लागते, मोठ्या बोटीच्या पंख्यात जाते. काही तुकडे बदलायचे, बाकी विणून घ्यायची, वर्षाला 45,000. इंजिनाची देखभाल, म्हणजे प्लग, पाण्याचा पंप, गिअर ऑइल, पंखा: 15,000. होडीला रंग, फायबरचे ठिगळ, पावसाळ्याआधी वर ओढून शाकारणं: 12,000. नोंदणी, परवाना, विमा, सोसायटीची वर्गणी: 8,000. लाइफ जॅकेट, दिवा, दोर: 3,000. आता त्या स्वतःच्या 2 लाखांकडे या. ते घरात नव्हतेच, बँकेतून घेतले. 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला साधारण 4,350, म्हणजे वर्षाला 52,000.

आणि शेवटचा रकाना, जो कुणीच लिहीत नाही. घसारा. 5 लाखांत पावणेदोन लाखांचं इंजिन, सव्वादोन लाखांची होडी आणि लाखाची जाळी अशी फोड धरा. खाऱ्या पाण्यातलं इंजिन सात वर्षं नीट चाललं तर नशीब. म्हणजे दर वर्षी 25,000 रुपयांचं इंजिन झिजून समुद्रात जातं. होडी पंधरा वर्षं धरली तर तिचे 15,000. एकूण 40,000. एखादा हिशेबनीस म्हणेल, कर्जाचं मुद्दल आणि घसारा दोन्ही एकदम धरू नका. ताळेबंदात त्याचं बरोबर आहे. पण घरात हप्ता आज द्यावा लागतो आणि पुढच्या इंजिनाचे पैसेही आजच बाजूला पडावे लागतात, कारण पुढच्या इंजिनाला 60 टक्के अनुदान मिळेल या भरवशावर धंदा चालत नाही.

बेरीज करा. 1,75,000. ही रक्कम होडी किनाऱ्याला बांधून ठेवली तरी बहुतेक सगळी जातेच. 150 फेऱ्यांवर वाटली तर फेरीला 1,167 रुपये. म्हणजे दिसणारे 1,050 आणि न दिसणारे 1,167. न दिसणारा खर्च दिसणाऱ्यापेक्षा मोठा आहे! ज्या दिवशी अडीच हजारांची मासळी येते त्या दिवशी होडीवाला समजतो की दीड हजार सुटले. सुटले जेमतेम 283. बाकीचं त्याने आपलंच इंजिन खाल्लं.

अजून मजुरी धरलेलीच नाही. होडीवर दोन माणसं. त्यातला एक तो स्वतः किंवा त्याचा भाऊ, म्हणून मजुरी शून्य, हा हिशेब मालकाच्या सोयीचा नसतो, दलालाच्या सोयीचा असतो. माणशी 600 धरा, 1,200 झाले. आता 3,417. लिलावात दलाली शेकडा 10 धरली तर लिलावाचा आकडा 3,800 च्या आसपास यायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी. हे एका दिवसाचं नाही, 150 दिवसांची सरासरी. फेऱ्या 110 झाल्या तर हाच आकडा 4,270 वर जातो, कारण हप्ता आणि घसारा दर्या खवळलेला आहे म्हणून थांबत नाहीत.

एक रकाना मीही अजून घातलेला नाही. जाळं सोडवणं, मासळी निवडणं, टोपली घेऊन बाजारात बसणं, उरलेली सुकवणं. हे काम घरातली बाई करते आणि कुठल्याही प्रकल्प अहवालात तिच्या नावाने एक रुपया नसतो. 'घरचंच माणूस'. जातीने आपल्याकडून वेठ घेतली तेव्हाही शब्द असेच गोड होते. प्रकल्प अहवाल करून देणारे आपले कार्यकर्ते हा रकाना स्वतःहून घालतील का, हा प्रश्न मी सरकारला नाही, आपल्याला विचारतो आहे.

आता खरा घाव कुठे बसतो ते पाहू. बंदीच्या 61 दिवसांत उत्पन्न शून्य. घरखर्च दिवसाला 400 धरला तरी 24,400 लागतात. याच मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी बचत-नि-मदत अशी बाब आहे: लाभार्थ्याने 1,500 भरायचे, सरकार 3,000 घालतं, आणि मिळतात 4,500, तेही तीन महिन्यांचे मिळून. मिळत असतील तर घ्याच. पण 24,400 आणि 4,500 यांतलं अंतर कोण भरतो? आणि जुलै संपता संपता, घर रिकामं असतानाच, होडीला रंग, जाळ्याचे नवे तुकडे, इंजिनाची सर्व्हिसिंग आणि पहिल्या आठवड्याचं पेट्रोल, सगळं एकदम लागतं. वर्षातला सर्वांत मोठा खर्च वर्षातल्या सर्वांत रिकाम्या दिवशी येतो.

बरोबर त्याच दिवशी दलाल दारात येतो. हसत. 50,000 देतो. व्याज नको म्हणतो. "आपला माणूस आहेस, फक्त मासळी माझ्याकडेच घाल."

हे बिनव्याजी पैसे केवढ्याला पडतात? होडीची सरासरी फेरीला 25 किलो मासळी धरा. 150 फेऱ्यांची 3,750 किलो. बांधलेल्या माणसाला दलाल लिलावाच्या भावापेक्षा किलोला 15 रुपये कमी देतो असं धरलं, तर वर्षाला 56,250 रुपये. पन्नास हजारांवर! आणि मुद्दल तसंच उभं. शंभर टक्क्यांवरचं व्याज, आणि त्याला बिनव्याजी म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे नवं वाटू नये. खोत जमिनीचा मालक म्हणून पिकाचा वाटा न्यायचा. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते या कोकणासाठी. जमिनीवरची खोती कायद्याने गेली. पाण्यावरची उचल देऊन उभी आहे, तिला ना सातबारा, ना दप्तर.

याच 50,000 रुपयांसाठी किसान क्रेडिट कार्ड आहे. 2018-19 पासून ते मच्छीमारांनाही लागू आहे. 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 3,500, वेळेत फेडलं तर सवलतीने 4 टक्के, म्हणजे 2,000. जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जाही दिला. एकीकडे 2,000, दुसरीकडे 56,250. कुठल्याही सहावीतल्या पोराला विचारा कुठलं घ्यायचं. तरी आपला माणूस दलालाकडे जातो, कारण दलाल रात्री आठ वाजता पैसे देतो आणि बँक 'पुढच्या सोमवारी या' सांगते. हा आळशीपणा किंवा अडाणीपणा नाही. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुढचा सोमवार फार महाग असतो.

डिझेलच्या परताव्याबद्दलही भ्रम नको. राज्य सरकार मच्छीमार सोसायट्यांमार्फत डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराची प्रतिपूर्ती देतं. आधी पूर्ण भावाने पैसे भरायचे, परतावा मागाहून. जो आधी भरू शकतो त्याच्यासाठी ही सवलत आहे. शिवाय ती डिझेलची, आपल्या पेट्रोल इंजिनवाल्याने तिच्याकडे बघून बजेट मांडू नये. आणि सोसायटीचा सभासद नसलेल्याने तर नाहीच. म्हणून सभासदत्व हा हिशेबाचाच रकाना आहे. ज्याला सोसायटीत घेतलं जात नाही त्याची फेरी दुसऱ्यापेक्षा महाग पडते. जातीची किंमत रुपयांत मोजायची असेल तर अशी मोजा.

उत्पन्नाची बाजू थोडक्यात सांगतो. पर्ससीनवर राज्याने फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, 2021 मध्ये राज्याने 1981 च्या सागरी मासेमारी कायद्यात सुधारणा करून दंड वाढवले. कायदे आहेत. पण किनाऱ्यालगत 25 किलोसाठी जाळं टाकणाऱ्याच्या वाट्याची मासळी रात्री दिव्याखाली उचलली जात असेल, तर वरचं सगळं बजेट कागदच. इथे बौद्धवाडीतला नवा होडीवाला आणि कोळीवाड्यातला जुना लहान होडीवाला एकाच बाजूला आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करणारा माणूस कुणाचा फायदा करतो आहे ते ओळखा.

"लहान होडी परवडतच नाही, मोठी बोट घ्या," असं सांगणारे तज्ज्ञही आहेत. मत्स्यसंपदेत खोल समुद्रातल्या बोटीचा प्रकल्प खर्च 1 कोटी 20 लाख आहे. त्याच्या 60 टक्के अनुदान मिळालं तरी 48 लाख स्वतःचे. कुठल्या वाडीत आहेत? पण या तज्ज्ञांना खरं उत्तर बाबासाहेबांनी 1918 सालीच देऊन ठेवलं आहे. भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध काढून वाचा. शेत लहान म्हणून ते परवडत नाही, हा त्या वेळच्या पंडितांचा लाडका सिद्धांत होता. बाबासाहेबांनी तो खोडला. जमीन परवडते की नाही हे तिच्या क्षेत्रफळावर नव्हे, तिच्याबरोबर किती भांडवल आणि साधनं जोडली जातात यावर ठरतं, असा त्यांचा युक्तिवाद होता. शेताच्या जागी होडी घाला. सात मीटरची होडी लहान म्हणून बुडत नाही. तिच्यामागे जुलैचे 50,000 नाहीत म्हणून बुडते.

आणि 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी राज्याच्या मालकीची सामूहिक शेती सुचवली तेव्हा जमीन वाटून ते थांबले नाहीत. पाणी, बैल, अवजारं, खत, बियाणं यांची तजवीज राज्याने करावी असं त्यांनी लिहून ठेवलं. म्हणजे चालवण्याचा खर्च. आपली राज्यव्यवस्था नेमका हाच भाग विसरते, आणि प्रत्येक योजनेत विसरते. दादासाहेब गायकवाड सबलीकरण योजनेत भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. बैल कुणी द्यायचे? बचत गटाला 90 टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर. डिझेल, टायर, ड्रायव्हर? महामंडळाच्या योजनेचं नावच 'बीज भांडवल'. बी दिलं, पाऊस तुमचा तुम्ही पाडा. आणि पीक जळालं की अहवाल तयार: लाभार्थी निष्क्रिय.

आपल्या चळवळीतल्या मंडळींनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. आपण अर्ज मंजूर झाला की विजय साजरा करतो. मोर्चा अनुदानासाठी निघतो, हप्ता थकल्यावर निघत नाही. प्रकल्प अहवाल हजार-दोन हजारांत एजंटाकडून करून घेतो, आणि त्यात तो फेऱ्या लिहितो 250, कारण बँकेला नफा दिसला पाहिजे. 250 फेऱ्यांचा नफा दाखवून घेतलेलं कर्ज 150 फेऱ्यांत फेडायचं असतं. तो कागद आपल्या माणसाच्या गळ्यात दगडासारखा बांधला जातो, आणि बांधणारा आपलाच असतो. 20 मार्च 1927 ला महाडला आपण पाण्याला हात लावला. पाणी पिण्याचा हक्क तिथे मागितला. पाण्यातून कमावण्याचा हक्क मागायचा असेल तर ओंजळीबरोबर वहीही लागेल.

म्हणून मागण्या नेमक्या करा. अनुसूचित जातीच्या लाभार्थ्याच्या प्रकल्प खर्चातच पहिल्या वर्षाचं खेळतं भांडवल धरलं जावं, वरच्या हिशेबात 150 फेऱ्यांचे 1,57,500 आहेत, निदान त्याचा तिसरा हिस्सा तरी. होडीचा मंजुरी आदेश आणि किसान क्रेडिट कार्ड एकाच दिवशी हातात पडावं. कर्जाचे हप्ते जून-जुलैत लावू नयेत, शेतकऱ्याला हंगामाप्रमाणे फेड असते तशी मच्छीमारालाही असावी. सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर कारण लेखी मागा, सहाय्यक निबंधकांकडे तक्रार करा, तोंडी नकारावर घरी परतू नका.

आणि ज्याच्याकडे आज होडी आहे त्याने मागण्या पूर्ण होईपर्यंत थांबू नये. घरात तीन डबे करा. लिलावातून आल्याबरोबर, घरखर्चाच्या आधी, फेरीला 270 रुपये घसाऱ्याचे एका डब्यात, 165 रुपये बंदीकाळाचे दुसऱ्यात, 350 हप्त्याचे तिसऱ्यात. महिन्याच्या शेवटी तिन्ही बँकेत. मोठी मासळी लागली त्या दिवशी दुप्पट टाका, रिकामी फेरी झाली त्या दिवशी वहीत शून्य लिहा, पण लिहा. दलालाकडून घेतलेल्या प्रत्येक उचलीपुढे त्या दिवशीचा लिलावाचा भाव आणि तुम्हाला दिलेला भाव शेजारी-शेजारी लिहा. वर्षाअखेर ती दोन रकान्यांची बेरीज घेऊन दहा होडीवाले एकत्र बसले तर सभेला वेगळं भाषण लागणार नाही.

किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज जुलैत करू नका, तेव्हा उशीर झालेला असतो. जातीचा दाखला, होडीची नोंदणी, परवाना, पासबुक घेऊन एप्रिलमध्येच बँकेत जा, शक्यतो जयंतीच्या आठवड्यात. शाखेतल्या माणसाने "पुढच्या सोमवारी या" म्हटलं तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि पुढच्या सोमवारी दहा जण मिळून जा.

जय भीम!